मतदानाच्या दिवशीचं पाणी

मामा खरं तर कुणाचेच मामा नव्हते. सख्खी बहीण नाही, चुलत बहीण नाही, मग भाचा येणार कुठून? पण नगरपालिकेचं पाणी सोडायचं काम त्यांच्याकडे आलं, खांद्यावर ती लांबलचक लोखंडी चावी आली, आणि बघता बघता लहानथोर सगळे त्यांना चावीवाले मामा म्हणायला लागले. पुढे 'चावीवाले' गळून पडलं आणि नुसते मामा राहिले.

काम दिसायला सोपं. रस्त्यातल्या खड्ड्यावरचं झाकण सरकवायचं, चावी आत सोडून व्हॉल्व्हच्या टोकावर बसवायची आणि वरचा आडवा दांडा धरून गोल गोल फिरायचं. पण लोकांचा सगळा रागलोभ त्या दांड्यावर येऊन बसायचा. पाणी उशिरा आलं तर मामा, गढूळ आलं तर मामा, शेजारणीकडे जास्त आलं तर त्यातही मामाच. त्यांचं उत्तर ठरलेलं. "मामा, आमच्याकडे धार बारीक येते हो." "बघतो." "मामा, तुम्ही मुद्दाम करता." "बघतो." "मामा, तुम्हाला काही लाजलज्जा?" "बघतो." बायको म्हणायची, ह्या माणसाला लग्नाचं विचारलं तेव्हाही हा 'बघतो'च म्हणाला होता, आणि अजून बघतोच आहे.

घाबरट होते, हे सरळच सांगून टाकलेलं बरं. साहेबाचा फोन आला तरी उठून उभे राहून बोलायचे. इतकी वर्षं कामावर, पण नेमणूक रोजंदारीवरच. आज आहे, उद्या 'येऊ नका' म्हटलं की संपलं. कायम होण्याचं स्वप्न त्यांनी आणि बायकोनं मिळून इतकं वापरलं होतं की त्याचा रंग उडाला होता.

मामांच्या हातात दोन व्हॉल्व्ह. एक जुन्या गल्लीच्या तोंडाशी, दुसरा कालव्याच्या पुलाशी. टाकी रात्रभर पंपानं भरायची. दिवसा वीज कारखान्यांना लागायची, त्यामुळे पंप बंद. टाकीत जे साठलं ते आधी पहाटे जुन्या गल्लीला, घरोघरच्या नळांना. गल्लीचं आटपलं की उरलंसुरलं पुलापलीकडच्या नव्या वस्तीला. तिथे घरात नळ नव्हते. रस्त्याकडेला सार्वजनिक नळ, आणि त्यापुढे हंडे-बादल्यांची रांग.

वस्ती नवी म्हणायची, पण तिथे जन्मलेली पोरं शाळेत जायला लागली होती. कारखाने आले, कारखान्यांपाठोपाठ इमारती आल्या, आणि इमारती बांधायला माणसं आली ती दुसऱ्या राज्यांतून. गवंडी, वेल्डर, फरशी बसवणारे, रंगारी. सुरुवातीला त्यांना मत नव्हतं, म्हणून पाणीही नव्हतं; पुष्कळ आरडाओरड झाल्यावर एकेक करत नळ मिळाले. जुन्या गल्लीनं त्यांच्या नावानं बोटं मोडली आणि घरामागच्या मोकळ्या जागेत पत्र्याच्या खोल्या काढून त्यांनाच भाड्यानं दिल्या. दिवसभर चौकात 'ह्या लोकांनी शहराचं वाटोळं केलं' म्हणणारा घरमालक संध्याकाळी त्याच लोकांकडे भाडं मागायला जायचा, आणि जाताना केस विंचरून जायचा. किराणावाल्यानं दुकान दुप्पट केलं, त्यांच्याकडे चालणारं तेल आणि मसाले ठेवले, त्यांची भाषाही शिकला. गल्लीतली तरणी पोरं मात्र धुसफुसत असायची. कारखान्यात गेलं की ऐकायला मिळायचं, बाहेरचा माणूस कमी पगारात जास्त वेळ थांबतो. हे खोटं नव्हतं. आणि त्यातली बरीचशी पोरं शेवटी स्वतःच दुसऱ्या राज्यात नोकरीला गेली. तिकडे ती बाहेरचीच होती, पण त्यांच्या आयांना ते कधी सुचलं नाही.

मग एक दिवस वस्तीला मतं आली. ती आणली बांधकामाच्या ठेकेदारानं. मूळचा इथलाच, पण सगळी माणसं त्याच्या हाताखालची. त्यानं एकेकाला ओळखपत्र काढायला लावलं, आणि निवडणूक लागल्याबरोबर स्वतः उभा राहिला. तोवर नगरसेवक होते भाऊ. भाऊ जुन्या गल्लीचे, भाऊंचे वडीलही नगरसेवक, आणि भाऊंना आजवर कुणी घाम फुटलेलं पाहिलं नव्हतं. ह्या वेळी फुटला. कालव्यापलीकडची मतं गल्लीच्या मतांइतकी भरायला आली होती.

भाऊंनी मग एकच धोशा लावला. बाहेरच्यांना परत पाठवणार. निवडून आलो की कालव्याकाठची वस्ती पहिली हटवणार. गल्लीत टाळ्या पडायच्या. मामा सभेच्या मागच्या टोकाला उभे राहायचे आणि टाळ्या वाजवायला हात उचलले की त्यांना ते जड वाटायचे.

कारण मामांची एकुलती एक मुलगी त्या वस्तीत राहत होती.

शेजारच्या घरी फरशी बसवायला एक पोरगा आला होता. गुडघ्यावर बसून दिवसभर हलक्या हातोडीनं फरशी ठोकायचा, कुणाकडे मान वर करून बघायचा नाही. कधी बघितलं कोण जाणे, पण बघितलं. मुलीनं घरात सांगितलं तेव्हा मामा 'बघतो' म्हणाले आणि बायकोनं भांडी आपटली. पोरीनं बघायला वेळ दिला नाही. तिनं लग्न करून टाकलं. त्या दिवशी बायको उंबऱ्यात उभी राहून सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "ह्यापुढे त्या घरचं पाणीसुद्धा मी तोंडाला लावणार नाही." माणसं रागात असं बोलतात आणि विसरतात. ही विसरली नाही.

मामांनी तसलं काही म्हटलं नव्हतं. म्हटलं नव्हतं, पण बायकोच्या धाकानं मुलीच्या दाराची पायरीही चढले नव्हते. रोज सकाळी पुलाशी व्हॉल्व्ह उघडायचे. मुलगी कळशी घेऊन नळावर आलेली असायची.

"पाणी आलं का?" मामा लांबून विचारायचे.

"आलं, बाबा."

बापलेकींचं दिवसभराचं बोलणं एवढंच. पण त्या व्हॉल्व्हला मामा नेहमी अर्धा फेरा जास्त द्यायचे. साहेबाला कळलं तर, अशी धाकधूक असायची, तरी द्यायचे. ह्याहून जास्त माया करायची त्यांना सोय नव्हती.

निवडणूक जवळ आली तशी हवा बदलली. भाऊंच्या सभेनंतर कुणीतरी पुलाजवळच्या दोन झोपड्यांवर दगड टाकले. त्या आठवड्यात बरीच माणसं पिशव्या भरून स्टेशनवर गेली. एक इमारत तिसऱ्या मजल्यावर थांबली. गल्लीतल्या पत्र्याच्या खोल्या रिकाम्या पडल्या, आणि घरमालक चौकात थोडे गप्प गप्प बसायला लागले. किराणावाला सगळ्यांना ऐकवायचा, "टाळ्या वाजवून झाल्या असतील तर कुणी तेल घेता का तेल?"

एका सकाळी मुलीनं कळशी खाली ठेवली आणि ती पुलापर्यंत चालत आली. इतकी जवळ ती लग्नानंतर प्रथमच आली होती. गालाची हाडं वर आली होती, हातांना सिमेंट लागून कातडी फुटली होती. नवऱ्याच्या कामावर हाताखाली जात असावी.

"बाबा, वस्ती उठवणार हे खरं?"

"भाऊ म्हणतात खरं."

"तसं झालं तर हे म्हणतात, गावी जाऊ. त्यांच्या गावी."

"किती लांब आहे?"

"गाडीत दोन रात्री काढाव्या लागतात. पुढे बस आहे." तिनं पुलाच्या कठड्यावर हात ठेवला. "मी गेले तर परत येणं काही व्हायचं नाही, बाबा. आईला सांगा."

मामा 'बघतो' म्हणाले. काय बघणार होते देव जाणे. घरी जाऊन त्यांनी बायकोला सांगितलं. ती भाकरी थापत... नव्हे, त्या दिवशी ती डाळ निवडत होती. हात न थांबवता म्हणाली, "कशाला जाईल? वस्ती उठली की पिशवी घेऊन इकडेच येईल. मुकाट्यानं. मी तर म्हणते, उठूच दे."

"अगं, ती त्याच्याबरोबर जाईल."

"तुम्हाला पोरींचं काय कळतं? डोक्यावरचं छप्पर गेलं की आई आठवते."

मामांना पोरींचं फार कळत नव्हतं, हे खरं. पण आपली पोरगी नवऱ्याला स्टेशनवर सोडून आईकडे येणाऱ्यातली नाही, एवढं त्यांना पक्कं कळत होतं. त्या रात्रीपासून त्यांचं अन्न गोड लागेना. भाऊ निवडून आले तर मुलगी जाणार. भाऊ पडले तर राहणार. आणि भाऊंनी तर त्यांना कायम करायचा शब्द दिला होता.

मतदानाच्या आदल्या दिवशी दुपारी भाऊंनी बोलावून घेतलं. भाऊ खुर्चीत पाय पसरून बसले होते, आवाज बसलेला.

"मामा, उद्या गल्लीला पहाटे लवकर सोडा आणि लवकर बंद करा. माणसं मोकळी झाली पाहिजेत. उरलेलं पाणी सगळं राखून ठेवा."

"बरं."

"ते दुपारी वस्तीला सोडा. सावकाश. संध्याकाळपर्यंत चालू दे. त्यांचीही फार आबाळ होते हो."

मामांनी चमकून वर बघितलं. भाऊ हसले. "काय बघता? मतं त्यांनाही आहेतच की. आणि हे बघा, वेळ कुणाला सांगू नका. नुसतं सांगा, उद्या भरपूर येणार, दिवसभरात कधीही येईल. निवडणूक होऊन जाऊ दे, तुम्हाला कायम केल्याचा आदेश मी स्वतः हातानं आणून देतो."

मामा तिथून निघाले ते हवेत तरंगतच. भाऊ मऊ पडले! वस्तीची मतं हवीत म्हणून पाणी देतायत. म्हणजे वस्ती उठवणं वगैरे सभेपुरतंच. मुलगी राहणार आणि आदेशही येणार. पाणी सोडणाऱ्या माणसाला देण्यासारखं असतं काय? 'उद्या पाणी येणार', एवढी एक बातमी. ती ज्याला पहिल्यांदा सांगावी तो धन्य होतो. मामांनी आजवर ती बातमी साहेबांच्या बायकोला दिली होती, शेजाऱ्यांना दिली होती. आज त्यांनी पूल ओलांडला आणि मुलीच्या दारात जाऊन उभे राहिले.

मुलीला काय करावं सुचेना. तिनं पाट मांडला, उचलला, पुन्हा मांडला. मामा बसले नाहीत.

"उद्या पाणी आहे," ते म्हणाले. "भरपूर. रोजच्यासारखं नाही, भांड्यांत मावणार नाही इतकं. दिवसभरात कधीही येईल. सगळं भरून घे. पिंप असेल तर पिंप काढ."

मुलीचा चेहरा असा उजळला की मामांना आत कुठेतरी दुखलं. तिनं लगेच दारातून हाक मारली, पलीकडची आली, तिच्यापलीकडची आली. बाबांनी स्वतः येऊन सांगितलं, असं मुलगी दोनदा म्हणाली. चार घरं पुढे कुणीतरी पिंप गडगडत बाहेर काढलंही.

"पण उद्या मतदान," एक बाई म्हणाली.

"मतदान काय पुन्हा येईल," दुसरी म्हणाली. "असं पाणी कधी आलंय का? मी तर नळ सोडून हलणार नाही. नंबर गेला तर?"

"मीही नाही," मुलगी हसत म्हणाली. "पुरुष जातील की सकाळी, कामावर जाता जाता. आपण बायका पाण्याचं बघू."

मामाही हसले. हसतच पुलाच्या मध्यापर्यंत आले, आणि तिथे त्यांचे पाय थांबले.

वेळ सांगू नका. कधीही येईल म्हणा. सकाळभर कोरडे नळ, रांगेत हंडे, आणि प्रत्येक हंड्यामागे एक बाई. दुपारी पाणी आलं की मतदान संपेपर्यंत भरतायत. वस्तीतल्या अर्ध्या मतांना भाऊंनी न बोलता, न मारता, नळाला बांधून ठेवलं होतं. आणि दोरी? दोरी मामांनी स्वतः नेऊन बांधली होती, पोरीच्या दारात उभं राहून, कौतुकानं.

परत जावं? जाऊन काय सांगणार? 'पाणी येणार नाही' म्हटलं तर कुणी ऐकणार नाही. आता चावीवाल्यानं स्वतः सांगितलंय, वस्ती रात्रभर नळाजवळ बसेल. 'आधी मत द्या' म्हटलं तर संध्याकाळच्या आत भाऊंच्या कानावर. तरी ते मागे फिरले. मुलगी पिंप घासत होती.

"उद्या आधी मत देऊन ये," ते हळूच म्हणाले.

"तुम्ही कधीपासून राजकारणात पडलात, बाबा?" ती म्हणाली आणि पिंपात वाकली. तिचं लक्षच नव्हतं.

त्या रात्री मामांनी जेवण चिवडलं. बायकोनं विचारलं, बरं नाही का. ते म्हणाले, बरं आहे. चावी दाराच्या कोपऱ्यात टेकलेली होती आणि डोळे मिटले तरी दिसत होती.

पहाटे ते नेहमीपेक्षा लवकर उठले. बायकोनं कूस बदलून म्हटलं, "आज लवकर सोडणार ना आपल्याकडे? मी भांडी मांडून ठेवलीत." मामा "हो" म्हणाले आणि चावी खांद्यावर टाकून बाहेर पडले. गल्लीच्या तोंडाशी पोचले. झाकणावर पाय ठेवून उभे राहिले. दूधवाला सायकलवरून जाताना म्हणाला, "मामा, आज मत कुणाला?" मामांना दचकायला झालं. "बघतो," ते म्हणाले, आणि झाकण न सरकवताच पुढे चालू लागले.

आपण काय करतोय ह्याचा विचार केला असता तर त्यांच्या हातून झालंच नसतं. म्हणून ते विचार न करता पुलाशी गेले, झाकण ओढलं, चावी बसवली आणि फिरू लागले. अर्धा फेरा नाही, एक फेरा नाही. दांडा अडेपर्यंत फिरले. पाइपातून आधी हवेची शीळ आली, मग खोकल्यासारखा आवाज, आणि मग वस्तीच्या पहिल्या नळावर धो धो पाणी. कुणीतरी ओरडलं. दारं उघडली. अर्धवट झोपेतल्या बायका, पदर खोचत, हंडे घेऊन धावत सुटल्या. मामा व्हॉल्व्हजवळ उभे राहिले आणि दोन्ही हातांनी चावी घट्ट धरून ठेवली, जणू ती कुणी ओढून नेणार होतं. गल्लीचे नळ ह्या क्षणी कोरडे आहेत, आपल्या घरचा नळ कोरडा आहे, बायको मांडलेल्या भांड्यांपुढे बसली आहे, हे त्यांना न बघता दिसत होतं.

मतदान सुरू व्हायच्या वेळेला वस्तीतलं शेवटचं पिंप भरलं. पोरांना अंघोळी घालून झाल्या. बायका वेण्या घालून, ठेवणीतले कपडे चढवून, घोळक्याघोळक्यानं शाळेकडे निघाल्या. मुलगीही गेली. तिनं पुलावरून हात केला, मामांना चावीवरचा हात काही उचलता आला नाही.

गल्लीत हाहाकार. "पंप बिघडला," मामांनी सांगितलं. बायको म्हणाली, "आजच बरा बिघडला." मग ती चेहरा कोरड्याच फडक्यानं पुसून मत द्यायला गेली. तिचं पाहून बऱ्याचजणी गेल्या; काही पाण्याची वाट बघत घरीच बसल्या, आणि त्या भाऊंच्या हक्काच्या होत्या.

दुपारी भाऊ स्वतः पुलावर आले. सोबत दोन माणसं. "सोडा मामा."

मामांनी चावी बसवली, फिरवली. नुसती हवा आली.

"हे काय?"

"टाकीत नाही, भाऊ."

"रात्री पंप चालू होता, मी विचारून आलोय. मग का नाही?"

"पहाटे... हात चुकला. गल्लीऐवजी हा उघडला."

"तुमचा? हात चुकला?"

मामांनी चावी खड्ड्यातून ओढून काढली. भाऊंनी त्यांच्याकडे बराच वेळ बघितलं, मग पुलापलीकडे बघितलं, जिथे मत देऊन आलेल्या बायका दारात बसून गप्पा मारत होत्या. ते ओरडले नाहीत. ओरडले असते तर मामांना बरं वाटलं असतं. "निकाल लागू दे," एवढंच म्हणाले आणि गाडीत बसले.

निकालाचं सांगून टाकतो, म्हणजे जीव टांगणीला राहायला नको. भाऊ पडले. थोड्या मतांनी पडले, पण पडले. वस्ती राहिली. गेलेल्यांपैकी काही परत आले, तिसरा मजला पुढे सरकला, पत्र्याच्या खोल्यांना पुन्हा भाडेकरू मिळाले, आणि घरमालक चौकात पुन्हा शहराच्या वाटोळ्याबद्दल बोलायला लागले. मामांचा आदेश अर्थातच आला नाही. ठेकेदाराचा माणूस मात्र आला. "मामा, तुम्ही तर आपलेच. लेक आमच्याकडेच ना तुमची? आता जुन्या गल्लीचा वेळ जरा कमी करा, ज्यांनी मतं दिली त्यांना पाणी नको का?" मामा म्हणाले, "बघतो." आजतागायत दोन्हीकडे पूर्वीच्याच वेळेला पाणी सोडतात, आणि आज काम जाईल की उद्या, ह्या काळजीनं रोज पहाटे उठतात. गल्लीतली निम्मी माणसं त्यांच्याशी बोलत नाहीत.

पण हे सगळं नंतरचं. त्या दिवशी संध्याकाळी ह्यातलं काहीच कुणाला माहीत नव्हतं. मतपेट्या बंद होऊन गेल्या होत्या. मामा उंबऱ्याशी भिंतीला टेकून बसले होते. बायको रिकाम्या हंड्यांपुढे बसली होती. सकाळपासून तिनं शेजारणीकडून मागून आणलेल्या तांब्याभर पाण्यावर दिवस काढला होता, आणि आता शेजारणीकडेही नव्हतं.

दारात मुलगी आली. कमरेवर भरलेली कळशी, डोक्यावर एक हंडा. घामानं कपाळावर केस चिकटलेले. पुलावरून सगळी गल्ली तुडवत, सगळ्यांच्या नजरा झेलत आली होती. उंबऱ्याबाहेरच थांबली.

"गल्लीत पाणी नाही म्हणून कळलं," ती म्हणाली. "आमच्याकडे भरून वाहिलं सकाळी."

बायको उठली नाही. "सकाळी? तुमच्याकडे?"

"हो ना. अगदी पहाटे. म्हणून तर सगळ्याजणींना मत द्यायला जाता आलं." तिनं कळशीवरचं बोट सरळ करून शाई दाखवली, लहानपणी पाटीवरचं अक्षर दाखवायची तसं.

बायकोनं मामांकडे बघितलं. मामांनी पायाच्या अंगठ्याकडे बघितलं. पंप कुठे आणि कसा बिघडला होता ते तिला तिथल्या तिथे कळलं, आणि कळलेलं मामांनाही कळलं. आता ही तोंड सोडणार, म्हणून ते अंग चोरून बसले.

"मी भाऊंना मत दिलं," बायको मुलीला म्हणाली.

मुलीनं कळशी कमरेवर सावरली.

"मला वाटलं, वस्ती उठली की तू घरी येशील."

"आले असते का, आई?"

"नसतीस आली?"

"नसते."

मुलीच्या डोक्यावरचा हंडा हलला, थोडं पाणी तिच्या खांद्यावर सांडलं. बायको झटक्यात उठली. "अगं, उतरव आधी तो! मान मोडेल!" तिनंच दोन्ही हातांनी हंडा उतरवून घेतला, आणि घेताना मुलीचे फुटलेले हात तिच्या हाताला लागले. ते तिनं क्षणभर सोडले नाहीत.

मग तिनं फळीवरचं फुलपात्र काढलं, हंड्यात बुडवलं आणि उभ्या उभ्याच प्यायली. थेंब न ठेवता. तोंड पुसलं.

"आपल्याच टाकीचं आहे," ती म्हणाली.

दुसरं फुलपात्र भरून तिनं मामांपुढे धरलं. मामांनी ते दोन्ही हातांनी घेतलं, पहाटे चावी धरली होती तसं घट्ट.